बापूंच्या पुढच्या ब्रेकची थरथर

दाताच्या डॉक्टरकडे किस्से भरपूर असतील असं लोकांना वाटतं. पण माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड उघडं असतं, त्याला बोलता कुठे येतं! माझ्याकडे जे काही साठलंय ते सगळं सकाळी सहा ते आठच्या दरम्यानचं, सायकलवरचं. घरात पिशव्या साठतात तसे हे किस्से साठतात. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी कोंबलेली असते, आणि एक ओढायला गेलं की सगळ्या बाहेर येतात. बापूंच्या ब्रेकचं तसंच आहे. एक सांगायला घेतला की बाकीचे येतातच.

आमचा ग्रुप चौघांचा. फूलबागेजवळच्या टपरीवर सहाला भेटायचं, हिंदी मुलखातल्या आमच्या या शहराला एक वळसा घालायचा, आणि ज्याची सायकल वाटेत रुसेल त्यानं सगळ्यांना गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची तिखट भाजी खाऊ घालायची. एवढा एकच नियम.

बापू टोळे सर्वांत मोठे. आयुष्यभर शाळेत फिजिक्स शिकवलं. दुसरे कदम. त्यांचे पणजोबा फौजेत होते. हे स्वतः पडाव भागात ट्रान्सपोर्टचं काम बघतात, पण कुठलंही काम अजून किल्ल्यावर चढाई केल्यासारखंच करतात. त्यांची पुतणी मुग्धा घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते. ती वाक्य मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते. चौथा मी.

मागच्या वर्षी आम्ही इतकी बेडई खाल्ली की हलवाई आम्हाला लांबून बघूनच कढई चढवायचा. सगळी बापूंच्या नावावर!

*

बापूंचा मुलगा कॅनडाला गेला, तेव्हा आपली सायकल वडिलांकडे सोडून गेला. सायक्लोक्रॉस म्हणतात तिला. हॅण्डल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, आणि टायर चिखलात चालवायचे, दातेरी. खासगी बाजारातल्या बापूंच्या गल्लीत ती पहिल्यांदा आली तेव्हा समोरचा शिंपी म्हणाला, "मास्साब, ये सींग वाली कहाँ से ले आए?"

सायकल झकास. फक्त पुढचा ब्रेक दाबला की पुढचा चिमटा, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क, थरथरायचा. हळू असताना हाताला मुंग्या यायच्या. वेगात असताना सगळी सायकलच हुडहुडी भरल्यासारखी हलायची.

गणपतीच्या दिवसांत बापू उरवाई गेटच्या उतारावर पडले. किल्ल्यावरून खाली येणारा तो रस्ता चांगला खडा आहे. ब्रेक दाबला, चिमटा थरथरला, हॅण्डल हातातून सुटलं. कोपर सोललं, चष्मा गेला, बाकी काही नाही. पण घरी कुसुमवहिनींनी निकाल देऊन टाकला.

"दिवाळीपर्यंत हिची थरथर थांबली तर ठीक. नाही तर विकून टाकायची. मी तर सांगून ठेवते."

वहिनी एरवी आवाज चढवत नाहीत. त्यामुळे बापू घाबरले.

त्यांचं घाबरणं मला समजत होतं. रिटायर झाल्यावर दोन वर्षं हा माणूस घरात बसून होता. पेपर वाचायचा, तोच पुन्हा वाचायचा. मुलाचा फोन आला की "बरा आहेस ना? हं. आईला देतो," एवढंच. सायकल आली आणि बापलेक दर रविवारी अर्धा अर्धा तास बोलायला लागले. गिअर, टायर, हवा, ब्रेक. सायकल गेली असती तर फोन पुन्हा आईकडे गेला असता.

एक सांगायचं राहिलं. त्या घरात वहिनींचं देवघर आणि बापूंचं फिजिक्स यांच्यामध्ये एक पडदा आहे. खरोखरचा, फुलाफुलांचा. लग्नापासून बापू त्या पडद्याच्या पलीकडे गेलेले नाहीत आणि वहिनींनी कधी बोलावलेलं नाही. दसऱ्याला कदम आपल्या गाड्यांना हार घालतात, तेव्हा बापू लांब उभे राहून विचारतात, "इंजिनाला झेंडूचा नक्की काय उपयोग होतो, ते कोणी सांगेल का?"

*

पहिला हल्ला कदमांचा.

त्यांनी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलली, हॅण्डलच्या मानेपाशी बोट ठेवलं आणि जाहीर केलं, "हे ढिलं आहे. मान हलते आहे. मान हलली की सगळं हलतं!"

निदान अगदीच चूक नव्हतं. मान जरा ढिली होतीच. पण कदमांच्या हातात पाना आला की ते थांबत नाहीत. बोल्ट हातानं कसला, मग पान्यात पाइप अडकवून कसला, मग पाइपावर पाय देऊन कसला.

दुसऱ्या दिवशी बापूंना डावीकडे वळायचं होतं. हॅण्डल वळेना! बापू सरळ गेले. सरळ म्हणजे दाल बाजारात, तुरीच्या पोत्यांच्या थप्पीत. दुकानदारानं त्यांना उठवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मास्साब, दाल लेनी थी तो रुक के लेते!"

आम्ही मागून धावत पोहोचलो. बापू पोत्यावर बसून श्वास घेत होते. कदमांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही, सायकलकडे बघितलं.

"पण थरथरली का?"

*

मुग्धानं व्हिडिओ बघितले. एका रात्रीत ती तज्ज्ञ होऊन आली.

"बापूकाका, ब्रेकचे रबर रिमला एकदम सपाट नको लागायला. पुढचं टोक आधी टच व्हायला हवं, मागचं नंतर. पीछे एक कार्ड फँसाओ, रबर कसो, फिर कार्ड निकाल लो. बस!"

युक्ती खरी आहे, जगभर करतात म्हणे. कार्ड कोणाकडे होतं? माझ्याकडे. माझं नाव, खाली "वेदनारहित उपचार" आणि हसणारी दाढ. मी दोन दिली.

बापूंनी रबरं कसली. नेमकं त्याच वेळी कदमांनी चहा आणला, चहाबरोबर राजकारण निघालं, आणि कार्डं आतच राहिली.

त्यानंतर बापूंनी फूलबागेच्या चौकात ब्रेक दाबला. असा आवाज मी क्लिनिकमध्येही ऐकलेला नाही. एक म्हैस रस्ता ओलांडता ओलांडता थांबली. शाळेच्या बसमधली मुलं खिडकीतून डोकावली. चाकातून माझ्या दाढेचे तुकडे उडत होते.

बापू शांतपणे उतरले. एक तुकडा उचलून माझ्या हातात ठेवत म्हणाले, "डॉक्टर, तुमचं कार्ड लागलं की कोणीही असंच ओरडेल!"

*

मग पडावचे शकीलभाई. रेसच्या सायकली हातात घेणारा मला माहीत असलेला शहरातला एकच मिस्त्री. त्यांनी सायकल उलटी टांगली, अर्धा तास नुसती बघितली, आणि मग बापूंना असं समजावलं की फिजिक्सचा मास्तर शिष्यासारखा ऐकत राहिला.

ब्रेकची तार वरून, हॅण्डलच्या मानेपासून खाली येते. ब्रेक लागला की चिमटा मागे वाकतो. चिमटा वाकला की तार आणखी ताणते. तार ताणली की ब्रेक आणखी आवळतो, चिमटा आणखी वाकतो, मग सुटतो, मग पुन्हा आवळतो. तीच थरथर. यावर उपाय म्हणजे तारेचा टेकू वर मानेपाशी न ठेवता खाली चिमट्यालाच लावायचा. तो वाकेल तशी तारही त्याच्याबरोबर जाईल.

"पत्ती विलायती आती है," शकीलभाई म्हणाले. "मैं देसी बना देता हूँ."

त्यांनी एका जुन्या स्कूटरच्या नंबरप्लेटमधून टेकू कापला. मजबूत झाला. फक्त समोरून "०७" एवढं दिसत राहिलं. आठवड्याभरात एका ट्रॅफिकवाल्यानं बापूंना अडवलं, वाकून बघितलं आणि सल्ला दिला, "अंकल, नंबर तो पूरा लिखवा लो!"

संध्याकाळी दुकानासमोर ट्रायल झाली. शकीलभाई काम झालं की सवयीनं पेट्रोलच्या फडक्यानं रिम पुसून लख्ख करतात. बापूंनी गल्लीतून भरधाव येऊन ब्रेक दाबला. लोण्यात सुरी! बापूंनी शकीलभाईंना मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल थरथरली.

संध्याकाळी परत दुकान. पुसली, दाबली, ठीक. सकाळी परत थरथर. असं चार वेळा झालं. शेवटी शकीलभाईंनी हात जोडले. "मास्साब, शाम को ये शरीफ़ है। सुबह इसे क्या हो जाता है?"

*

शकीलभाईंकडच्या संध्याकाळच्या फेऱ्या चालूच ठेवून बापूंनी वही केली. तारीख, वेळ, तापमान, थरथर आहे किंवा नाही. महिनाभर. सकाळी आहे, संध्याकाळी नाही. एकही अपवाद नाही! मग त्यांनी टपरीवर आम्हा सगळ्यांसमोर निष्कर्ष वाचून दाखवला. रात्रीच्या गारव्यानं रबर कडक होतं, कडक रबर नीट धरत नाही, म्हणून थरथर.

"अब क्या करोगे?" मुग्धानं विचारलं.

बापूंनी त्या दिवसापासून सायकलच्या पुढच्या चाकाला शाल गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. लग्नातली शाल.

वहिनी मला दवाखान्यात भेटल्या तेव्हा त्यांच्या दाताचं दुखणं बाजूलाच राहिलं. "डॉक्टर, चाळीस वर्षांत मला कधी ह्यांनी पांघरूण घातलं नाही हो!"

थरथर काही गेली नाही. वही बरोबर होती. चूक पुढे झाली होती, पण ती आम्हाला कोणालाच दिसत नव्हती.

*

यानंतरच्या किस्स्यात दोष माझा आहे.

एका सकाळी मी खिशातून तोंडात बघायचा आरसा काढला, लांब दांड्याचा, छोटा, गोल. टपरीजवळ उकिडवा बसलो आणि बापूंच्या ब्रेकची रबरं आतून तपासली. कडेला लालसर, चिकट थर होता. असा थर मी रोज बघतो. या शहरात माझं निम्मं काम तोच थर खरवडायचं आहे.

"बापू," मी म्हणालो, "तुमचा ब्रेक गुटखा खातो!"

सगळ्यांना एकदम पटलं. सकाळी रस्त्यावर बस, ऑटो, ट्रक, आणि प्रत्येकातून पिचकारी. ती रिमवर पडते, एका जागी चिकटते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ब्रेक तिथे घसरतो, पुढे पुन्हा पकडतो, चिमट्याला हिसका बसतो. संध्याकाळी शकीलभाई पुसून देतात, म्हणून ठीक. वहीसुद्धा जुळली! मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

आता बापू सायकल चालवताना रस्त्याकडे कमी आणि लोकांच्या गालांकडे जास्त बघायला लागले. पडावच्या पुलाखाली त्यांनी एका ऑटोवाल्याला पकडलंच. गाल फुगलेला होता. बापूंनी त्याला घर्षण म्हणजे काय इथपासून सुरुवात केली.

ऑटोवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अंकल, मैंने तो छोड़ दिया, सौंफ है। मुँह देख लो!" आणि भर रस्त्यात त्यानं तोंड उघडलं.

बापूंनी मला हाक मारली. मी आरसा काढला. ट्रॅफिक थांबला. दात स्वच्छ होते, हिरड्या छान, खरोखर बडीशेपच होती. फक्त उजवीकडची खालची अक्कलदाढ किडली होती.

तो मंगळवारी क्लिनिकला आला.

*

दिवाळीच्या आधीचा रविवार. वहिनींनी सांगितलं होतं की त्या स्वतः बघणार. उरवाई गेटच्या खाली उभ्या राहणार, बापूंनी किल्ल्यावरून तोच उतार उतरायचा. सायकल थरथरली तर त्यांना तिथून दिसेल, आणि सोमवारी सायकल विकायला काढायची. रात्री बापूंचा मला फोन आला. "मुलाला अजून काही सांगितलेलं नाही," एवढंच म्हणाले.

मी सकाळी त्यांना घ्यायला खासगी बाजारात गेलो. जरा लवकरच पोहोचलो. दार उघडं होतं, सायकल ओसरीत भिंतीला टेकवलेली, शाल बाजूला काढलेली. बापू माडीवर दाढी करत होते, वाटीत ब्रश आपटल्याचा आवाज येत होता.

वहिनी पुढच्या चाकापाशी बसल्या होत्या. एका हातात निरांजन, दुसऱ्या हातात छोटी वाटी. वाटीत बोट बुडवून त्यांनी रिमवर कुंकवाचा एक ठिपका लावला. ओठ हलत होते. मग त्याच्याशेजारी दुसरा ठिपका लावला.

मला पाहून दचकल्या. वर माडीकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"ह्यांना सांगू नका हं. चिडतील," हळूच म्हणाल्या. "आली त्या दिवसापासून रोज लावते. आधी एक लावत होते. पडले तेव्हापासून दोन लावते."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "टिकतं का ते, वहिनी? पत्रा गुळगुळीत असतो."

"कोरडं नाही टिकत. तेलात कालवून लावते."

मी मान हलवली. दुसरं काय करणार! त्यांचा चेहरा फार काळजीचा होता. त्या निरांजन घेऊन पडद्याआड गेल्या. थोड्याच वेळात कदम जीप घेऊन आले आणि वहिनींना उरवाई गेटकडे घेऊन गेले.

बापू खाली आले. आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी मी ओरडलो, "बापू, थांबा! मागचा ब्रेक दाबा, पुढचा नको!"

थांबले. मी रिमकडे बोट दाखवलं. दोन लाल ठिपके, शेजारी शेजारी, अजून ओले.

बापू वाकले. एका ठिपक्याला बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं.

"तिळाचं तेल," म्हणाले.

शिंप्याच्या दुकानाचं शटर वर गेलं. एक दूधवाला गेला. बापू तसेच वाकलेले.

"वहिनींना सांगा ना," मी म्हणालो. "सीटला लावा, हॅण्डलला लावा. चाकालाच कशाला?"

"सांगितलं तर ती पुढचं विचारेल," बापू म्हणाले. "की मग मी पडलो कशानं."

मी खिशातून स्पिरिटचा कापूस काढून पुढे केला. बापूंनी तो लगेच घेतला नाही. आधी दोन्ही ठिपके बोटानं नीट उचलले. बोट लाल झालं. ते कुठे पुसावं असं त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पँटकडे, भिंतीकडे. मग कापूस घेतला आणि रिम आणि रबरं स्वच्छ केली.

उरवाईचा उतार बापू असे आले की दगडात कोरलेल्या मूर्तींच्या खालच्या त्या मोठ्या वळणावर मला मागून येताना धाप लागली. गेटपाशी त्यांनी पुढचा ब्रेक दाबला. सायकल वहिनींच्या समोर हातभर अंतरावर, आवाज न करता थांबली. कदमांनी आरोळी ठोकली. मुग्धानं व्हिडिओ काढला, कॅनडाला पाठवायला.

वहिनींनी आधी चाकाकडे बघितलं. मग बापूंच्या कपाळाकडे बघितलं, पुष्कळ वेळ.

"विकायची नाही," म्हणाल्या, आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.

तेव्हापासून बापू रोज टपरीवर सर्वांत शेवटी येतात. गल्लीच्या तोंडाशी त्यांना पाच मिनिटं लागतात. सायकल एकदाही थरथरलेली नाही, आणि आमची बेडई बंद झाली आहे.

परवा मुग्धा त्यांच्या कपाळाकडे टक लावून बघत होती. शेवटी राहवलं नाही तिला.

"बापूकाका, तुम्ही तर हे सगळं मानत नाही ना? फिर रोज ये टीका? और वो भी दो-दो?"

बापूंनी चहाचा घोट घेतला.

"ब्रेकचं सेटिंग आहे," म्हणाले.